वेळापत्रकाच्या मागे

शाळेत पाऊल टाकताच भिंतीवर टांगलेले वेळापत्रक आपल्या दृष्टीस पडते. भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला, कवायत असे विषय त्यात ओळीने मांडलेले असतात. पण कोणत्या विषयाला किती वेळ द्यावा हे कोण ठरवितो, आणि कशावरून ठरवितो, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय? वेळापत्रक साधे दिसते. परंतु मुलांनी मोठेपणी कसे व्हावे, याविषयीचा मोठा विचार त्याच्या मागे उभा असतो. अशा एका वेळापत्रकाची ही हकीकत आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांना वर्धा येथे एक शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. त्या वर्षी अनेक प्रांतांत लोकांनी निवडलेली मंत्रिमंडळे अधिकारावर आली होती. प्रत्येक मुलाला शाळेत आणावे अशी त्यांची इच्छा होती. पण पैसा कोठून आणावा? शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भार दारूवरील करावर होता, आणि गांधीजींना तर दारूबंदी हवी होती. मुलांच्या शिक्षणासाठी बापांनी दारू प्यावी काय, असा हा पेच होता.

गांधीजींनी निराळाच मार्ग सुचविला. शाळेत एखादा उद्योग शिकवावा, त्याच्या आधारानेच इतर ज्ञान द्यावे, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा. केवळ पुस्तकी शिक्षणाने मुलाचे हात दुबळे राहतात व श्रमाची त्याला लाज वाटू लागते, असे त्यांचे मत होते.

हा अभ्यासक्रम आखण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. विनोबा भावे व काका कालेलकर हेही तिचे सदस्य होते. समितीने सात वर्षांचे शिक्षण योजिले आणि ते मातृभाषेतून द्यावे असे सांगितले. रोजचे साडेपाच तास तिने असे वाटले : मूळ उद्योगास ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे, व्यायामास १० मिनिटे आणि सुटी १० मिनिटे.

गणिताला इतका थोडा वेळ पाहून तुम्हांस नवल वाटेल. पण टकळी हाती घेतलेल्या मुलाकडे पाहा. चार फूट सुताची एक तार होते. अशा १६० तारांची एक लटी. मग एका लटीत किती फूट सूत? ६४० फूट. हे गणित त्याला पाटीवर शोधावे लागत नाही. ते त्याच्या बोटांतून येते. कापूस काळ्या जमिनीत चांगला का येतो, हे विचारताच भूगोल सुरू होतो. आपल्या देशातील हातसूत मागे का पडले, हे विचारताच इतिहास सुरू होतो. उद्योगाशी विषयांची अशी सांगड घालण्यास 'समवाय' म्हणतात.

परंतु सर्वांनाच ही योजना पटली नाही. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच शंका काढली, की मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गरीब कारागिरांच्या पोटावर पाय येईल. समितीनेही आपल्या अहवालात एक धोका स्पष्ट केला : कमाईवरच दृष्टी ठेवली, तर शिक्षक मुलांकडून केवळ काम करून घेतील आणि शिक्षण बाजूला राहील. आपल्याच योजनेतील उणीव उघडपणे सांगणे, हा त्या समितीचा मोठेपणा होय.

१९३८ साली हरिपुरा काँग्रेसने या शिक्षणास मान्यता दिली, आणि सेवाग्राम हे त्याचे केंद्र झाले. पुढे देशभर अशा शाळा निघाल्या. पण उद्योग व ज्ञान यांची सांगड घालणारे शिक्षक पुरेसे मिळाले नाहीत. कित्येक ठिकाणी टकळी फिरत राहिली आणि प्रश्न विचारणे थांबले. त्या शाळा हळूहळू मागे पडल्या. तरी तो विचार नाहीसा झाला नाही. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, ती त्याच विचाराची पुढची पायरी होती.

मुलांनो, आता आपल्या वेळापत्रकाकडे पुन्हा एकदा पाहा. हाताला किती वेळ आहे, बुद्धीला किती आहे आणि खेळाला किती आहे? तो तुम्हांला वाटावयास दिला, तर तुम्ही कसा वाटाल?

स्वाध्याय

१. दारूबंदी आणि शिक्षण यांचा पेच कोणता होता?
२. 'समवाय' म्हणजे काय, ते शेतीचे उदाहरण घेऊन लिहा.
३. समितीने कोणता धोका सांगितला? तो तुम्हांस खरा वाटतो काय? का?
४. चार लट्यांत किती फूट सूत असेल?
५. 'पोटावर पाय येणे' या वाक्प्रचाराचा आपल्या वाक्यात उपयोग करा.