एका चौकटीत दोन उत्तरं : सीएसव्ही वाचताना होणारी एक चूक

जानेवारीत मार्कहॅममधली आम्ही काही मराठी घरं मिळून संक्रांतीचं जेवण करतो. महिनाभर आधी गूगल फॉर्म फिरवायचा : किती जण येणार, आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे. यंदा उत्तरं मोजायचं काम माझ्याकडे आलं. तिळगुळात तीळ आणि शेंगदाणे दोन्ही असतात, आणि कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीतही हे दोन्ही आहेत. तेव्हा तिळाविना वड्या कोणत्या घरांसाठी काढायच्या, ती यादी चुकून चालणार नव्हती. माझी पहिली यादी चुकलीच. एका काकूंनी कागदावर हाताने मोजलं म्हणून कळलं.

फाईल अशी होती (घरांची नावं बदलून) :

घर,माणसं,वर्ज्य
क,४,तीळ
ख,३,"शेंगदाणे, तीळ"
ग,५,

ही सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तिचे नियम २००५ साली आरएफसी ४१८० या टिपणात लिहिले गेले. चौकटीतल्या मजकुरातच स्वल्पविराम असेल, तर सगळं दुहेरी अवतरणात घालायचं, असं त्यात म्हटलं आहे. ‘ख’ची ओळ त्या नियमाला धरून आहे. पायथनच्या पांडाज लायब्ररीने ती बरोबर वाचली आणि तीन रकाने दिले. मी विचारलं, ‘वर्ज्य’ बरोबर ‘तीळ’ अशी घरं दाखव. उत्तर आलं : फक्त ‘क’.

लायब्ररीचं काही चुकलं नाही. अवतरणं एवढंच सांगतात की ही एक चौकट आहे. आत दोन गोष्टींची यादी आहे, हे सांगायला सीएसव्हीत जागाच नाही. तुम्हाला दिसते यादी. लायब्ररीला दिसतो ‘शेंगदाणे, तीळ’ असा एक सलग शब्दसमूह, जो ‘तीळ’ या शब्दाबरोबर जुळत नाही. परिणाम पाहा : ज्या घरात एकच अ‍ॅलर्जी ते सापडतं, आणि दोन असलेलं, म्हणजे जास्त जपायला हवं असं घर गळतं. त्यात कुठलाही एरर येत नाही.

मग पटकन सुचतं, ‘तीळ’ हा शब्द चौकटीत कुठेही आहे का, असं विचारू. तिळापुरतं चालेल. पण ‘दूध’ शोधाल तेव्हा ‘नारळाचं दूध’ही हाती लागेल. आणि चौकटीवर लूप चालवून एकेक पदार्थ घ्यायला गेलात तर ‘तीळ’मधून त, दीर्घ वेलांटी आणि ळ असे तीन तुकडे मिळतील, कारण पायथनच्या लेखी ती अजून अक्षरांची माळच आहे.

म्हणून यादी आपणच करायची. फाईल वाचतानाच ‘वर्ज्य’ या रकान्यासाठी एक छोटं फंक्शन द्या. पांडाजच्या रीड-सीएसव्हीत त्यासाठी ‘कन्व्हर्टर्स’ हा पर्याय आहे. फंक्शनने तीन कामं करायची : स्वल्पविरामावर तोडणं, प्रत्येक तुकड्याच्या आजूबाजूची मोकळी जागा झाडणं, आणि रिकामे तुकडे टाकून देणं. दुसरं विसरलात तर ‘ख’च्या यादीत ‘तीळ’च्या आधी एक स्पेस राहते आणि पुन्हा जुळत नाही. तिसरं विसरलात तर ‘ग’ची गंमत होते : रिकाम्या मजकुरावर स्प्लिट केलं की रिकामी यादी मिळत नाही, एक रिकामा शब्द असलेली यादी मिळते. म्हणजे काहीच वर्ज्य नसलेल्या घराची एक अ‍ॅलर्जी मोजली जाते.

फॉर्मच्या पर्यायातच स्वल्पविराम असेल तर मात्र हेही कोलमडतं. आमच्याकडे ‘काजू, बदाम इत्यादी’ असा पर्याय होता. त्याचे ‘काजू’ आणि ‘बदाम इत्यादी’ असे दोन पदार्थ झाले. पर्यायांतून स्वल्पविराम काढून टाका, दुसरा उपाय नाही. स्वतः फाईल बनवत असाल तर चौकटीच्या आत उभी रेघ वापरा. अर्धविराम टाळा : माँट्रियालच्या कुणाकडे एक्सेल कॅनेडियन फ्रेंच सेटिंगवर असेल, तर तिथे दशांशासाठी स्वल्पविराम आणि रकान्यांसाठी अर्धविराम असतो, आणि तुमची यादी भलत्याच रकान्यांत सांडते.

यादी झाली की ‘एक्स्प्लोड’ वापरा. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र ओळ मिळते, ‘ख’च्या दोन ओळी होतात, आणि ‘तीळ’ विचारल्यावर ‘क’ व ‘ख’ दोन्ही येतात. फक्त त्या पसरलेल्या तक्त्यावर माणसं मोजू नका. ‘ख’चे तिघे तिथे सहा होतात. पानं किती मांडायची ते मूळ तक्त्यावरूनच ठरवा.

तयार याद्या पुन्हा सीएसव्हीत साठवल्या तर पांडाज त्या कंसांसकट मजकूर म्हणून लिहितं, आणि पुढच्या वेळी वाचल्यावर यादीचं ‘पहिलं मूल्य’ म्हणून चौकोनी कंस हाती येतो. अशी फाईल आलीच तर पायथनचं ‘लिटरल-इव्हॅल’ वापरा. नुसतं ‘इव्हॅल’ नको. ते चौकटीत लिहिलेला कुठलाही कोड चालवून टाकतं, आणि फॉर्म तर कुणीही भरू शकतो.

खरं तर एका चौकटीत यादी कोंबूच नये. आपल्या यॉर्क रीजन ट्रान्झिटचं वेळापत्रक खुलं आहे, ते उतरवून पाहा. जीटीएफएस नावाच्या मांडणीतल्या त्या फाईलींचं नाव टीएक्सटी असलं तरी आत सीएसव्हीच आहे. हायवे सेव्हनवरची विवा पर्पल बस कितीतरी थांबे घेते, पण फेरीच्या ओळीत थांब्यांची यादी नसते. वेगळ्या फाईलीत दर थांब्याला एक ओळ असते : फेरी, थांबा, वेळ, क्रमांक. बस कोणत्या वारी धावते हे मात्र सात रकान्यांत एक-शून्य करून लिहिलेलं असतं. वार सातच आहेत, वाढणार नाहीत, म्हणून रकाने चालतात. थांबे कमीजास्त होतात, म्हणून ओळी. आमचे पदार्थही थांब्यांसारखेच आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी दोन फाईली : एकीत घर आणि माणसं, दुसरीत घर आणि एक पदार्थ.

‘ग’चा प्रश्न तरीही उरलाच. रिकामी चौकट म्हणजे काही वर्ज्य नाही, की प्रश्न वाचलाच नाही? ते कोडला कळत नाही, म्हणून फॉर्मवर ‘काही नाही’ असा पर्याय हवा. यंदा तो नव्हता. रिकाम्या चौकटी दोन घरांच्या होत्या, दोघांनाही फोन केला. एका घरी खरंच काही नव्हतं. दुसऱ्या घरातल्या मुलाला मोहरीची अ‍ॅलर्जी होती, आणि आमच्या पर्यायांत मोहरी नव्हतीच.