केसपेपरवरची ती ओळ

"कसं झालं?" अपघात विभागातल्या डॉक्टरांनी विचारलं. स्ट्रेचरवरच्या धाकट्या भावाला धड बोलता येत नव्हतं. उत्तर मी दिलं, "गाडीवरून घसरून पडला." डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले.

खरं तर मागून आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं होतं. १७ नोव्हेंबर २०२२ची संध्याकाळ, पुणे-सातारा महामार्ग, शिरवळच्या अलीकडे. टेम्पोच्या ड्रायव्हरनंच भावाला उचलून दवाखान्यात आणलं होतं. पोरगेलासा होता, रडत होता. "ताई, पोलिसांत नका जाऊ, मालक सगळा खर्च करतील," असं हात जोडून सांगत होता. पोलीस केस झाली की ऑपरेशन लांबतं, असं आमच्याच एका नातेवाइकानं कानात सांगितलं. मालक तासाभरात आला, दहा हजार रुपये हातात ठेवले, "घरचं समजा" म्हणाला. पाचव्या दिवसापासून त्याचा फोन लागेना.

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले, त्यांत १,६८,४९१ माणसं दगावली. आमचा अपघात मात्र बारा दिवस कुठल्याच नोंदीत नव्हता. तेराव्या दिवशी एफआयआर झाला. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत दोनच गोष्टी धरून ठेवल्या: बारा दिवस काय करत होतात आणि केसपेपरवर 'घसरून पडला' असं का लिहिलंय?

आम्हाला तारलं ते एका चहाच्या टपरीवाल्यानं. गर्दी जमली तेव्हा त्यानं मोबाइलवर एक फोटो काढला होता. टेम्पोचा पुढचा बंपर, त्याखाली अडकलेली मोटरसायकल आणि स्पष्ट दिसणारी नंबरप्लेट. साक्षीला येताना तो कचरत होता. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ अशा माणसांच्याच पाठीशी आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे वकिलांनी समजावल्यावर तो आला. त्यामुळे अपघाताच्या जागी कुणी धावून आलं तर त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा, आणि गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. हे काम जखमी माणूस करू शकत नाही, सोबतच्यानं करायचं असतं.

पोलिसांचं काम एफआयआर आणि पंचनाम्यावर संपतं, असं बहुतेकांना वाटतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्यानं अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हा सविस्तर अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरला जाऊ शकतो. प्रत्यक्षात जखमीच्या घरचं कुणी पाठपुरावा केला नाही तर ही चाकं हळू फिरतात. म्हणून पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांची आरसी, ड्रायव्हरचं लायसन्स, विम्याची प्रत आणि महाराष्ट्रातले वकील ज्याला 'एए फॉर्म' म्हणतात तो अपघात अहवाल, एवढं स्वतः मागून घ्यावं.

मुदतीच्या बाबतीतही आम्ही थोडक्यात वाचलो. भावाच्या पायाचं दुसरं ऑपरेशन होऊ दे, मग बघू, असं आमचं चाललं होतं. शेजारच्या निवृत्त बेलिफांनी सहज विचारलं, "दावा टाकला का? सहा महिने आहेत फक्त." तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. १९९४ साली ही मुदतीची अटच कायद्यातून काढली होती, त्यामुळे जुनी माणसं अजून "दावा केव्हाही टाकता येतो" असं सांगतात. २०१९च्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मर्यादा परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण तो अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही. शिवाय भरपाईवरचं व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेपासून मोजतात, अपघाताच्या तारखेपासून नाही. उशीर केला तेवढ्या महिन्यांचं व्याज गेलं.

दावा कुठे टाकायचा, यात जखमीला निवड असते. अपघात जिथे झाला तिथे, स्वतः राहतो तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे. कोल्हापूरच्या माणसाला नाशिकजवळ अपघात झाला, तर त्यानं तारखांसाठी नाशिकला खेटे घालायची गरज नाही.

आता पैशाचा हिशेब. इथे आमचं सगळ्यात मोठं नुकसान झालं.

भावाचं फॅब्रिकेशनचं दुकान. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. महिन्याला खर्च जाऊन वीस हजार तरी सुटत. पण व्यवहार सगळा रोखीचा, आणि हिशेब दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला: 'पाटील गेट ७ बाय ४, ॲड. ५०००'. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायचं. उलटतपासणीत त्याला विचारलं, आयकर विवरणपत्र भरता का? नाही. जीएसटी? नाही. खरेदीची बिलं? लोखंडाच्या दुकानातली सात-आठ सापडली. न्यायाधिकरणानं त्याचं उत्पन्न महिना बारा हजार धरलं.

या आकड्यानं काय फरक पडतो ते पाहा. सर्वोच्च न्यायालयानं २००९च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता दिला आहे. १५ ते २५ वयाला १८, पुढे उतरत उतरत पासष्टीनंतर ५. भावाचं वय ३४, गुणक १६. २०१७च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. म्हणजे १२,००० चे झाले १६,८००. त्याला बारा महिन्यांनी आणि १६नं गुणलं की ३२,२५,६००. त्याची कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं, म्हणून या सदराखाली ९,६७,६८० रुपये. वीस हजारांचं उत्पन्न कागदावर दाखवता आलं असतं, तर हाच आकडा १६,१२,८०० झाला असता. भिंत पुसायच्या सवयीनं ६,४५,१२० रुपये पुसले.

ज्यांचा धंदा रोखीचा आहे त्यांनी अपघाताची वाट न बघता एवढं करावं: उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र भरावं, गिऱ्हाइकांकडून निम्मे पैसे तरी खात्यावर घ्यावेत, उद्यम नोंदणी करावी. घर सांभाळणाऱ्या बाईला पगार नसतो, म्हणून तिचं उत्पन्न शून्य असं मात्र कुणी समजू नये. गृहिणीच्या कामाचं मोल काल्पनिक उत्पन्न धरून ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१च्या निकालात पुन्हा ठासून सांगितलं आहे.

तीस टक्क्यांचीही एक गोष्ट आहे. भावाच्या डाव्या गुडघ्याखालचं हाड चुरलं होतं, आत प्लेट आणि सात स्क्रू. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर आकडा आला २५ टक्के, तोही त्या पायापुरता. विमा कंपनीचं म्हणणं, संपूर्ण शरीराचा विचार केला तर हे फार तर दहा-बारा टक्के. पण ग्रिल जोडायची तर फॅब्रिकेटर दिवसभर उकिडवा बसतो, आणि भावाला आता तेच जमत नाही. २०१०च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा सोडवला आहे. डावा हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं काम जवळपास थांबतं, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची घट या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून दाव्यात 'पायाला दुखापत' एवढ्यावर थांबू नये. पूर्वी काय काम होतं, ते करताना शरीर कसं वापरावं लागे, आता नेमकं काय होत नाही, हे सविस्तर यावं. आणि ज्या डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं त्यांची साक्ष व्हावी. नुसतं प्रमाणपत्र फाइलला लावून काम भागत नाही.

बिलांचं तर हसावं की रडावं. मेडिकलची बिलं मी पिशवीत जपून ठेवली होती. दोन वर्षांनी काढली तर निम्मी कोरी. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. बिल मिळालं त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, त्यावर रुग्णाचं नाव आहे ना ते बघावं, ॲम्ब्युलन्स, फिजिओथेरपी आणि रिक्षाच्या पावत्याही ठेवाव्यात. मेडिक्लेममधून खर्च मिळाला असला तरी तो भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये एक गृहस्थ भेटले होते. सहानुभूती दाखवली, कार्ड दिलं, "आता काही देऊ नका, पैसे आले की पंचवीस टक्के" म्हणाले आणि कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या. तेवढी एक चूक आम्ही केली नाही. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून वकिली करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. हे मला दावा संपल्यावर कळलं.

धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर वाट वेगळी. २०२२च्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पूर्वी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. मे २०२५ पासून आणखी एक सोय झाली आहे. अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. ही योजना आमच्या वेळी असती, तर ते दहा हजार रुपये मी घेतले नसते.

भावाच्या दाव्याचा निकाल दोन वर्षं तीन महिन्यांनी लागला. विमा कंपनीनं मध्यंतरी लोकअदालतीत चार लाखांवर तडजोड सुचवली होती. ती घेतली असती तर प्रकरण तिथेच कायमचं मिटलं असतं, पुन्हा दाद मागता आली नसती. भाऊ आता ग्रिल उंच टेबलावर ठेवून उभ्यानं जोडतो. काम पूर्वीच्या निम्म्या वेगानं होतं, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला छापील बिल देतो.

वाचणाऱ्यांना विनंती एकच. घरातल्या कुणाला असं दवाखान्यात न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी "कसं झालं?" विचारलं, तर जे झालं तेच सांगा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही सांगा. मग केसपेपर हातात घेऊन त्यावर काय लिहिलंय ते वाचा. चुकलं असेल तर त्याच रात्री दुरुस्त करून मागा.