अभंगाचा शेजार

आपल्या भजनात अभंग सहसा एकटा येत नाही. त्याला मागचा-पुढचा शेजार असतो. सप्ताहात काल्याचे कीर्तन शेवटच्या दिवशीच व्हायचे. तिसऱ्या दिवशीच कुणी काला मांडू म्हटले तर मंडळी हसतील. शब्द तेच, पण मागचे श्रवण नसेल तर काल्यात नुसते दही-लाह्या उरतात.

हेच दूरच्या एका ग्रंथातही दिसते. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक यहुदी धर्माचे आहेत. त्यांच्या धर्मात जी हिब्रू स्तोत्रे म्हणतात ती १५० असून त्यांचे ५ भाग केले आहेत. त्यांतली १२० ते १३४ ही १५ स्तोत्रे 'चढणीची' म्हणून ओळखली जातात. यरुशलेमच्या यात्रेला वर चढून जाताना ती गात असावेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पहिल्यात गाणारा परक्या मुलखात, भांडखोर लोकांत राहतो आहे. शेवटच्यात देवाच्या घरी रात्री उभ्या असलेल्या सेवकांना हाक आहे. मध्ये १३० वे स्तोत्र खोल संकटातून देवाला आळवते. ते एकटेच वाचले तर नुसता आकांत वाटतो. ओळीने वाचले की कळते, हा वाटेवरचा दमलेला यात्रेकरू आहे, आणि मंदिर आता चारच स्तोत्रांवर आले आहे. म्हणजे हीसुद्धा वारीच की!

आता घरी येऊ. आपल्या परभणी जिल्ह्यातले गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते बहुतेक नामदेवांच्या गाथेतून. ह्या शेजाराने एक गोष्ट केली. नामयाची दासी म्हणून जनाबाई सर्वांना ठाऊक झाल्या, पण दासीपणाच तेवढा डोळ्यांपुढे राहिला. तेच अभंग वेगळे काढून सलग वाचावेत. मग जात्यावर देवाला सोबतीला बसवणारी, त्याच्यावर रागावणारी, त्याच्याशी एकरूप झाल्याचे सांगणारी जनी समोर उभी राहते. देवावर रागावलेला अभंग 'करुणा' ह्या मथळ्याखाली वाचला तर रडगाणे वाटेल. जात्याच्या अभंगाशेजारी वाचला तर घरच्या माणसाशी केलेले हक्काचे भांडण वाटेल.

हा क्रम जनाबाईंनी लावलेला नव्हे. तो लिहिणाऱ्यांनी व छापणाऱ्यांनी लावला. तेव्हा क्रमाला मान द्यावा, पण त्यालाच संतवचन समजू नये.

हे सांगायचे कारण असे की, दिंडीत एखादी लेकीसुनेच्या कष्टाची माउली जनाबाईंचा एकच अभंग ऐकते आणि म्हणते, "बिचारी जनी!" बाई, जनी बिचारी नव्हे. पुढचा अभंगही म्हणून पाहा.

आमची विनंती एवढीच: पाठ करायला एक अभंग घ्याल, तर त्याच्या मागचा एक व पुढचा एक जरूर वाचा.

रामकृष्ण हरि.