सामाईक वायफायवर लॅपटॉप व टेलिव्हिजन संच यांची जोडणी

प्रशिक्षण केंद्रात गुलाबी बोंडअळीवरील चित्रफीत दाखवावयाची असते, शेतकरी जमलेले असतात, लॅपटॉप व टेलिव्हिजनला लावलेले क्रोमकास्ट दोन्ही चालू असतात. परंतु लॅपटॉपवर टेलिव्हिजनचे नावच दिसत नाही. वसतिगृहे, अतिथिगृहे व कार्यालये येथील सामाईक वायफायवर असा प्रसंग वारंवार येतो. उपकरण बिघडले असे समजून नवे घेतल्यास तो खर्च बहुधा वाया जातो.

अडचणी दोन असतात व त्या भिन्न आहेत. पहिली प्रवेशाची. अशा वायफायवर प्रथम एका पानावर नाव व परवलीचा शब्द भरावा लागतो. २०१३ साली निघालेल्या पहिल्या क्रोमकास्टला असे पान उघडताच येत नाही. व्यवस्थापकाने उपकरणाचा मॅक क्रमांक नोंदवून घेतल्यास प्रवेश मिळू शकतो. पण तेवढ्याने काम भागेलच असे नाही. कारण एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्रास दिसू नये, अशीही योजना पुष्कळ ठिकाणी असते. एकाच पाटाचे पाणी दोन्ही शेतांना मिळावे, परंतु मधल्या बांधामुळे एका शेतातले पाणी दुसऱ्यात जाऊ नये, तसाच हा प्रकार होय. लॅपटॉपने दिलेली हाक क्रोमकास्टपर्यंत पोहोचतच नाही. ही योजना सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असल्याने ती काढून टाकण्याचा आग्रह धरू नये.

त्यापेक्षा केंद्राच्या परवानगीने स्वतःचे लहान जाळे उभारावे. विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप केंद्राच्या वायफायला जोडून, सेटिंग्जमधील ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करावा व क्रोमकास्ट त्या हॉटस्पॉटला जोडावे. म्हणजे त्यास वेगळा प्रवेश लागत नाही व मधला बांधही आड येत नाही. पहिले क्रोमकास्ट केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणून तोच बँड निवडावा. जोडणी गूगल होम ॲपमधून करावयाची असल्याने त्या वेळी मोबाइलही याच हॉटस्पॉटवर ठेवावा.

मोबाइलचा हॉटस्पॉटही चालतो. मात्र यूट्यूबवरील चित्रफीत क्रोमकास्ट स्वतः इंटरनेटवरून घेते. लॅपटॉप केवळ आज्ञा देतो. त्यामुळे सर्व डेटा मोबाइलधारकाचा खर्च होतो, हे ग्रामसेवकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

सभेच्या दिवशी एचडीएमआय केबलच सर्वांत भरवशाची. चित्रफीत अगोदर लॅपटॉपवर उतरवून घेतलेली असल्यास वायफायची गरजच उरत नाही. रिमोटने टेलिव्हिजनचे इनपुट बदलावे. चित्र दिसूनही आवाज येत नसल्यास लॅपटॉपच्या ध्वनी-सेटिंगमध्ये टेलिव्हिजन निवडावा.