दोन दिवस मामाकडे

पोरी, मनाच्या आजारानं तुझा पोट्टा रात्र रात्र जागतो, ताट भिरकावतो, अन् त्याच्यासोबत तूही जागी. पार खचल्यावर मदत मागू नको. अंगात बळ आहे तोवरच त्याला दुसरीकडं ठेवायला महिन्यातले दोन दिवस बांधून घे. विसाव्याचं वेगळं घर शोधत बसू नको. आर्वीचा मामा, देवळीची आत्या, त्यांच्यापासून सुरुवात कर.

भांडण झालं त्याच रात्री पाठवलंस तर त्याला वाटेल, घराबाहेर काढलं. आठवडाभर आधी सांग, कोण न्यायला येईल, कोणत्या बसनं परत यायचं. नाही म्हणाला तर ओढून नेऊ नको. मामालाच इकडं राहायला बोलाव अन् तू माहेरी जा.

मामाला आधी बसवून समजाव. उपदेश नको, परीक्षेचा विषय नको. वावरात सोबत आला तर येऊ द्यावं, कामाला जुंपू नये. आणि फवारणीचं औषध! आपल्या कपाशीवाल्या घरांत त्याचा डबा खाटेखाली नाही तर न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेला असतो. पोट्टा उंबरा ओलांडायच्या आत तो कुलपात गेला पाहिजे, किल्ली मामाच्या खिशात. मरणाचा विचार पुष्कळदा घटकाभराचा असतो. हाताशी विष नसलं तर ती घटका टळू शकते. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून निर्धास्त राहू नको. त्या घरात बाटली येते का, सरळ विचार. भावाला राग आला तरी चालेल.

गोळ्या दोन दिवसांपुरत्याच दे, वेळा चिठ्ठीवर लिहून. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराची तारीख असेल तेव्हा एकदा मामालाही ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्याला पटतं. रात्री-बेरात्री बिनसलं तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारनं २०२२ साली सुरू केलेली सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मामाला बजावून ठेव, मरायची भाषा केली तर त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही, तुझी वाट पाहायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आता तुझं. त्या दोन दिवसांत गोधड्या धुवायला काढू नको. आधी झोप. मग धाकटीला घेऊन पवनारला धाम नदीवर जा. तिच्या वाट्याला आई येतच नाही गं. फोन संध्याकाळी एकदाच, जेवला का एवढंच विचारायला. पोराला दुसऱ्याकडं टाकलं असं शेजारीण म्हणेल, म्हणू दे.

परत आला की कसा वागलास म्हणून उलटतपासणी नको. जेवायला वाढ, अन् पुढचे दोन दिवस कोणते हे त्याला विचारूनच कॅलेंडरवर लिही.