आकड्याला साक्षीदार हवा

बाळा, विमान घरी बांधायला घेतलंस आणि इंजिन निवडलंस माझदाचं 13बी रोटरी. या दोन्ही वाटांवर आपली माणसं आधी चालून गेली आहेत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादवांनी गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि 2017 मध्ये त्याला डीजीसीएकडून व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळवली. निशांत या मानवरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वांकेल, म्हणजे रोटरीच, इंजिन घडवण्यात बंगळूरच्या संस्थांबरोबर नगरच्या व्हीआरडीईचा हात होता. 2009 मध्ये त्या इंजिनवर निशांत कोलारला उडालं. तेव्हा धीर धर, पण हयगय करू नकोस. एकदा वर गेलास की इंजिनची तब्येत तुला सेन्सरच सांगणार, आणि सेन्सरही खोटं बोलतो. म्हणून पहिला आणि शेवटचा मंत्र एकच: प्रत्येक आकड्याला साक्षीदार ठेव.

पाण्याचं तापमान एकटं ठेवू नकोस. कूलंट गळून गेलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, गार झालं! म्हणून कूलंटच्या दाबाचा सेन्सर बसवच. गळती लागली की आधी दाब पडतो. तापमान कमी आणि दाबही कमी, असं दिसलं तर तो थंडावा नाही, पाणी गेलंय.

तेल हे रोटरीत नुसतं वंगण नाही. रोटरला आतून तेच गार करतं, म्हणून इंजिनच्या उष्णतेचा मोठा वाटा तेलातून बाहेर पडतो. ऑइल कूलरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन सेन्सर लाव. दोन्हींतला फरक कमी व्हायला लागला तर कूलरला हवा मिळते का ते बघ. एकाच सेन्सरवर हे कधीच कळणार नाही.

आता आटे. इथे कोल्हापुरात राजारामपुरीला लागूनच उद्यमनगर असल्याने हवं ते वळवून मिळतं, पण आपल्याकडे दुकानात सहज हाताला येतं ते बीएसपी. अमेरिकन सेन्सर येतो एनपीटीचा. 1/8 इंची मापात एनपीटीला इंचाला 27 आटे, बीएसपीला 28. एक-दोन फेरे छान जातात, मग अडतं. जोर केलास तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, सोडून दिलंस तर गळतं. पिच गेज लावल्याशिवाय काहीही पिळू नकोस. जुळत नसेल तर लेथवर अडॅप्टर करून घे. ज्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळतं, त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. अर्थिंग कच्चं राहतं आणि टेपची चिंधी तेलाच्या वाटेत जाते.

तेलाच्या दाबाचा सेन्सर पितळी निपलवर इंजिनलाच लोंबता ठेवू नकोस. कंपनाने निपल मानेत तुटतो आणि गरम तेल एक्झॉस्टवर उडतं. सेन्सर फायरवॉलवर बसव, इंजिनपासून तिथवर लवचिक होज घे आणि इंजिनकडच्या तोंडाला बारीक भोकाचा रेस्ट्रिक्टर दे. उद्या होज फुटलाच तरी तेल धो-धो जाणार नाही, उतरायला वेळ मिळेल.

रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनपेक्षा जास्त तापतो. तिथे इन्कोनेलच्या आवरणाचा के-टाइप थर्मोकपल घे आणि दोन्ही रोटरचे प्रोब पोर्टपासून सारख्याच अंतरावर बसव. अंतर वेगळं असेल तर तुलनेला अर्थ राहत नाही, आणि इथे एका रोटरचा साक्षीदार दुसरा रोटरच आहे. आपल्या हाताला लाल म्हणजे प्लस ही सवय असते. अमेरिकन के-टाइपमध्ये पिवळी प्लस आणि लाल मायनस. उलटं जोडलंस तर इंजिन तापेल तसा आकडा उतरेल. गेजपर्यंत तार के-टाइपचीच ने, मध्ये तांब्याचा तुकडा जोडू नकोस.

आरपीएमसाठी गेजला सांग, शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या मोज. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकसारखंच. मग ऑप्टिकल टॅकोमीटरने प्रोपेलरच्या पंख्याचे फेरे मोजून रिडक्शन गिअरच्या गुणोत्तराने गुण. 2.85 चा गिअर असेल तर 6000 ला पंखा 2100 च्या आसपास फिरायला हवा.

तारांच्या टोकांना लग क्रिंप करून लाव. सोल्डर जिथे संपतं तिथेच तार कंपनाने तुटते. इग्निशनची केबल ओलांडायची तर काटकोनात ओलांड. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लाव.

मग पडताळणी. तापमानाचा सेन्सर आधी बर्फाच्या पाण्यात बुडव, नंतर उकळत्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 100 दिसले तर खूश होऊ नकोस. तसंच इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर इथे 28 इंचांच्या जवळपास दिसायला हवं, 29.92 नव्हे.

शेवटी इंजिन बंद ठेवून फक्त वीज चालू कर आणि एकेका सेन्सरचा कनेक्टर काढून स्क्रीन काय दाखवतो ते वहीत लिही. कुठे आकडा शून्यावर जाईल, कुठे एकदम चढेल, कुठे नुसत्या रेघा येतील. ती वही पाठ कर. वर असताना आकडा अचानक बिघडला तर तार सुटली की इंजिन बिघडलं, हे तुला त्यावरूनच ओळखायचं आहे. आणि ज्या आकड्याला साक्षीदार मिळालेला नाही, त्याच्या भरवशावर चाकं जमिनीवरून उचलू नकोस.