जुना कॉम्प्युटर घरचा मीडिया सर्व्हर: खर्च कुठे लागतो, कुठे लागायला नको

माळ्यावर पडलेल्या कॉम्प्युटरमधून लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो आणि गाणी घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर बघायची आहेत? कॉम्प्युटर तुमच्याकडे आहेच. पैसे जातात हार्ड डिस्कवर आणि विजेवर. म्हणून चितेगावातून पैठण रोडने मशीन शहरातल्या दुकानात न्यायच्या आधी काही गोष्टी घरीच तपासून घ्या.

६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम पुरेशी आहे. कोअर टू ड्युओसुद्धा चालतो, पण एका अटीवर: फाइल टीव्हीला थेट उघडता आली पाहिजे. एच.२६४ प्रकारातली एमपी४ फाइल बहुतेक स्मार्ट टीव्ही थेट घेतात, मग कॉम्प्युटरला फक्त ती पाठवायची असते. टीव्हीला न झेपणारी फाइल मात्र कॉम्प्युटरला चालू असतानाच बदलून द्यावी लागते, आणि तिथे जुना प्रोसेसर अडकतो. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड विकत घेऊ नका. फाइल आधीच एमपी४ करून ठेवा. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर ते काम फुकट करतं. रात्री लावून सोडा.

मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘एफ१ दाबा’ असा संदेश येऊन थांबतं, तारीख दरवेळी मागे जाते? बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. साधारण तीस ते पन्नास रुपयांचं काम. तो बदलून पाहिल्याशिवाय ‘मदरबोर्ड गेला’ हे ऐकून घेऊ नका. जुना लॅपटॉप वापरणार असाल तर बॅटरी फुगली आहे का ते आधी बघा. फुगली असेल तर ती काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून मशीन भंगारात काढा असा सल्ला मिळेल. ऐकू नका. लिनक्स मिंट फुकट आहे, ८ जीबी पेनड्राइव्हवरून तासाभरात बसतं. त्यावर जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाका. तेही फुकट, वर्गणी नाही. प्लेक्स हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर दिसायला देखणं आहे, पण घराबाहेरून स्वतःच्याच फाइल बघायला त्यात एप्रिल २०२५पासून पैसे मोजावे लागतात. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर जेलीफिनचं ॲप मिळतं. व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना चितेगावातच होता. तुमच्याकडे त्या काळचा डबा टीव्ही अजून चालू असेल तर कॉम्प्युटर त्याच्याजवळच ठेवा आणि एचडीएमआयचं पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांत रूपांतर करणारी छोटी डबी घ्या. पाचशेच्या आसपास मिळते. कॉम्प्युटरला एचडीएमआय नसेल, फक्त निळा व्हीजीए असेल, तर ही डबी चालणार नाही. व्हीजीएसाठीची वेगळी मागा.

आता डिस्क. २ टीबीची नवी पोर्टेबल डिस्क सहा ते आठ हजारांत धरा, पण भाव हलते आहेत, दोन दुकानांत विचारा. ‘नवी’ म्हणून जुनी गळ्यात मारण्याचा प्रकार इथेच होतो. दुकानातच डिस्क जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला सांगा. त्यात डिस्क किती तास चालली ते दिसतं. नवीवर दोन-चार तासांपेक्षा जास्त दिसले तर परत करा. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठी हाच कागद लागतो. कच्चं बिल घेऊन १८ टक्के वाचवले, तर डिस्क बिघडल्यावर हातात काही राहत नाही. लग्नाचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवू नका. दुसरी प्रत स्वस्त डिस्कवर काढून कपाटात ठेवा, हा खर्च टाळायचा नाही.

‘डिस्क पिक्चर भरून देतो’ अशी ऑफर आली तर नको म्हणा. ती पायरसी आहे. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून घ्यायच्या असतील तर दर कॅसेटमागे की तासामागे, हे आधी ठरवा. एमपी४ फाइल तुमच्याच पेनड्राइव्हवर मागा, मूळ कॅसेट परत घ्या.

महिन्याचा खरा खर्च विजेचा. डेस्कटॉप रिकामा बसला तरी साधारण ६० वॉट खातो. चोवीस तास चालू ठेवलात तर महिन्याला ४३ युनिट. ते १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये गेले तर महाग पडतात, वर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. युनिटला सगळं मिळून १२ रुपये धरले तर महिन्याला ५१६, वर्षाला सहा हजारांवर. लॅपटॉप १५ वॉटवर चालतो. महिन्याला सुमारे १३० रुपये. म्हणून दोन्ही असतील तर लॅपटॉपच वापरा. डेस्कटॉपच असेल तर संध्याकाळी पाच तास चालवा, ९ युनिटांत भागतं.

तुमच्या मशीनचा आकडा मीटरवरच मोजता येतो. घरातलं बाकी सगळं बंद करा. मीटरचा लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर ३२०० लिहिलेलं असेल तर एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो. दहा मिनिटांत ३२ वेळा लुकलुकला तर मशीन ६० वॉट घेतं. १६ वेळा असेल तर ३०.

वीज जाते-येते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस घ्या, अडीच ते साडेतीन हजार. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च दुकानदार आधी सांगत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण ‘यूपीएस’वर ठेवून बघा, कॉम्प्युटर बंद न पडता तगला तर वेगळा यूपीएस नको.

राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबलच ओढा, वायफायवर व्हिडिओ अडखळतो. घरात बघताना इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. घराबाहेरून बघायचं असेल तर स्थिर आयपीसाठी वर्षाचे पैसे भरायच्या आधी टेलस्केल हे ॲप वापरा. घरगुती वापराला ते फुकट आहे.

वेळ? बसवायला एक सुटीचा दिवस. डेटा भरायला जास्त: जुन्या यूएसबी २.० मधून ५०० जीबी जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपण्यापूर्वी सुरू करा. मशीन दुकानात द्यावंच लागलं तर जुनी डिस्क काढून घरी ठेवा, आत तुमच्या कुटुंबाचे फोटो असतात. बिलावरून वाद झाला, वॉरंटी नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर बिल हाताशी ठेवून फोन करा.